पंधराव्या रिळातला समेट

माझा थोरला भाऊ जालन्याच्या एका थिएटरात सिनेमा दाखवायच्या मशीनवर कामाला होता आणि वडिलांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी अठरा वर्षांची होते, जालन्यातच डी.एड. करत होते आणि मुलींच्या वसतिगृहात राहत होते.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते वडीगोद्रीच्या प्राथमिक शाळेत हेडमास्तर होते. निजामाच्या राज्यात वर्गाच्या दाराबाहेर बसून उर्दूतून शिकलेले, आमच्या वस्तीतले पहिले शिकलेले. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर घरातले जुने देव टोपल्यात भरून शहागडला गोदावरीत सोडून आले ते अण्णाच. त्यांचा आवाज कधी चढत नसे. पण एखादी गोष्ट मनातून उतरली की उतरली.

भाऊला त्यांनी औरंगाबादला सायन्सला घातलं होतं. दुसऱ्या वर्षी तो नापास झाला आणि त्यानं घरी सांगितलं नाही. सहा महिने पत्रं येत होती, 'अभ्यास चांगला चालू आहे, प्रॅक्टिकल झाली.' ती पत्रं तो जालन्याहून लिहायचा, औरंगाबादच्या मित्राकडे पाठवायचा आणि तो मित्र तिथून पेटीत टाकायचा. एक दिवस अण्णा शाळेच्या कामानं औरंगाबादला गेले आणि पोराला भेटावं म्हणून होस्टेलवर गेले. तिथं त्यांना कळलं.

त्यानंतर भाऊ एकदाच घरी आला. अण्णा ओट्यावर बसले होते, त्याला आत येऊ दिलं नाही.

"नापास झालास त्याचं मला काहीच न्हाई," ते म्हणाले. "मी बी दोनदा नापास झाल्तो. पण सहा महिने खोटं लिहिलंस. तुझी माय ती पत्रं उशाला घेऊन झोपायची. त्याचं काय?"

भाऊ मान खाली घालून उभा होता. माय आत चुलीपाशी बसून पदरात रडत होती. मी दाराशी होते. अण्णा म्हणाले, "खोटं बोलणाऱ्याला या घरात जागा न्हाई," आणि शाळेची वेळ झाली म्हणून उठून गेले. भाऊ परत आला नाही.

मी जालन्याला गेले तेव्हा या गोष्टीला वर्ष झालं होतं. मी त्याला भेटते हे अण्णांना माहीत होतं. त्यांनी कधी मना केलं नाही. सुट्टी संपवून मी निघाले की माय शेंगदाण्याची चटणी, बाजरीच्या भाकरी, लोणचं असं दोन माणसांचं बांधून द्यायची. अण्णा ते गाठोडं बघून म्हणायचे, "या बारीला डबा जड दिसून राह्यला." एवढंच. पण एकदा मला एसटीत बसवून द्यायला आले तेव्हा त्यांनी दुसरीकडे बघत विचारलं, "त्या मशीनला आग लागती म्हणं. खरंय का?"

मी म्हटलं, "कधीमधी लागते, अण्णा. फिल्म लई लवकर पेट घेते."

"हं," म्हणाले. हे त्यांचं विचारणं मला तेव्हा कळायला हवं होतं. मला ते कळलं, पण भलत्याच रीतीनं कळलं.

त्या हिवाळ्यात भाऊच्या थिएटरला एक हिंदी सिनेमा लागला. हेरगिरीचा. नायक सरकारचा गुप्तहेर असतो, पण ही गोष्ट फक्त त्याच्या साहेबाला ठाऊक. देशाची गुपितं विकणाऱ्या टोळीत शिरण्यासाठी तो बदमाश झाल्याचं सोंग घेतो. बाप निवृत्त जेलर, सरळ माणूस. त्याला वाटतं पोरगा खरंच वाया गेला. तो त्याला घराबाहेर काढतो. मग विमानं, मोटारी, समुद्रातल्या बोटी, डोंगरातला अड्डा, आणि शेवटी बापलेकांचा समेट. जालन्यात लोकांनी तो डोक्यावर घेतला. पाच आठवडे चालला. मारामारीला शिट्ट्या पडायच्या आणि समेटाला बायका हमसून रडायच्या.

शनिवारी दुपारी कॉलेज लवकर सुटायचं. मी तीनच्या खेळाला जायची. आधी लेडीजमध्ये बसून बघितला, मग भाऊ मला वर कॅबिनमध्येच घेऊ लागला. लोखंडी जिना चढून गेलं की एक अरुंद खोली, तिच्यात दोन मशिनी, भिंतीला पडद्याकडे बघायची चौकोनी भोकं. मशिनीत उजेडासाठी लावलेल्या कार्बनच्या कांड्या जळून खोलीत इतका उकाडा व्हायचा की भाऊ डिसेंबरातही बनियनवर काम करायचा. रिळांचे पत्र्याचे डबे ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं आकडा.

दिवसाला तीन खेळ, म्हणजे तो सिनेमा त्याला पाठ झाला होता. पण तो गोष्ट म्हणून बघत नसे. ती कशी जुळवली आहे ते बघायचा. मला म्हणाला, "हे सोळा डबे बघ. चौथ्यात बाप पोराला काढून देतो. आठव्यात बाप त्याच्यावर बंदूक धरतो, की इंटर्व्हल. तेराव्यापर्यंत पळापळ. चौदाव्यात पोरगा बापावरची गोळी आपल्या अंगावर घेतो. पंधराव्यात समेट. सोळाव्यात गाणं, मंग लोकं घरी."

"पंधराव्यातच का?"

"आधी आणला तर पुढं बघायला काय राहतं? आन् उशिरा आणला तर लोकायची बसची वेळ होती."

मी विचारलं, "आणि गोळी लागल्याबिगर बाप मानतच न्हाई का?"

तो रीळ उलटं गुंडाळत होता. थांबून म्हणाला, "गोळी काढली तर पंधरावं रीळ उभंच राहत न्हाई. गोळी लागती म्हणून बाप पळत येतो. पळत येतो म्हणून जवळ येतो. जवळ आल्यावर मंग साहेब त्याला खरं सांगतो. दुरून सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं का?"

हे तो हसत बोलला होता. मग हसणं थांबवून म्हणाला, "अण्णांना एकदा आण ना. त्यांना काही बोलू नको. नुसतं आणून बसव."

मी पुढच्या रविवारी गावी गेले. अण्णा मुलांच्या वह्या तपासत होते. मी म्हटलं, "अण्णा, जालन्यात एक सिनेमा लागलाय. बापलेकांचा आहे. चांगला आहे."

त्यांनी वही मिटली नाही. "कोणत्या टॉकीजला?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "तिथं माझं काय काम?" आणि पुढच्या वहीकडे वळले. मला त्यांचा राग आला. आज ते आठवतं तेव्हा त्यांनी आधी टॉकीज विचारली होती हेही आठवतं. दोन-चार महिने जाऊ दिले असते, डब्याचं आणि मशीनचं विचारता विचारता ते कधीतरी स्वतःच एसटीत बसून आले असते, असं मला वाटतं. पण सिनेमा शुक्रवारी उतरणार होता आणि मी अठरा वर्षांची होते.

बुधवारी सकाळी मी चिठ्ठी लिहिली. 'अण्णा, भाऊचा हात कॅबिनमध्ये भाजला आहे. लगेच या. मी थिएटरवरच आहे.' खाली माझी सही. भाऊला काहीच सांगितलं नाही. बीडकडे जाणाऱ्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा होता, अण्णांच्याच हाताखाली शिकलेला. त्याच्याकडे ती दिली आणि शाळेत पोचव म्हटलं. चिठ्ठीची घडी बघून तो म्हणाला, "सगळं ठीक आहे ना, ताई?" मी म्हटलं, "ठीक आहे."

मी हिशेब केला होता. एकच्या सुमाराला चिठ्ठी पोचेल. अण्णांना अडीचची गाडी मिळेल. पाच-सव्वापाचपर्यंत ते येतील. मी त्यांना खालीच गाठीन, सांगीन की घाबरू नका, भाऊ बरा आहे, आणि हात धरून आत नेऊन बसवीन. पडद्यावर चौदावं रीळ चालू असेल. पंधरावं संपेस्तोवर भाऊला खाली बोलवीन. पोरगा धडधाकट बघून त्यांना इतका आनंद होईल की चिठ्ठी खोटी होती हे ते विसरून जातील. मला हे सगळं अगदी बराबर दिसत होतं.

कॉलेजला दांडी मारून मी तीनला कॅबिनमध्ये जाऊन बसले. भाऊ म्हणाला, "आज बुधवारी कशी काय आलीस?" मी म्हटलं, "शेवटचे दोन दिवस राहिले म्हणून आले." त्याला ते खरं वाटलं.

साडेतीन झाले होते. चौथं रीळ चालू होतं. पडद्यावरचा बाप पोराला घराबाहेर जा म्हणून ओरडत होता. तेवढ्यात लोखंडी जिन्यावर पायांचा आवाज आला आणि दारात अण्णा उभे राहिले.

ते अडीचच्या गाडीसाठी थांबलेच नव्हते. चिठ्ठी वाचली आणि वर्गातून तसेच उठून रस्त्यावर गेले. सरकी भरलेल्या ट्रकला हात केला आणि ड्रायव्हरशेजारी बसून आले. अंबडला ट्रक डिझेलला थांबला तेवढ्यात धावत जाऊन दुकानातून भाजल्यावरचं मलम घेतलं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त त्यांचे हात दिसले. बोटांवर खडूची पांढरी भुकटी होती आणि मलमाची नळी मुठीत दाबून दाबून वाकडी झाली होती.

भाऊ पाठमोरा होता. अण्णा पुढे झाले. त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले, आधी पालथे करून बघितले, मग उताणे. कोपरापर्यंत बघितले. भाऊ दगडासारखा उभा. दोन वर्षांत त्यांनी त्याला पहिल्यांदा हात लावला होता.

"कुठं भाजलं?" अण्णांनी विचारलं. धाप लागली होती त्यांना.

"कोणाला?" भाऊ म्हणाला.

अण्णांनी हात सोडले. खिशातून चिठ्ठी काढून त्याच्यापुढे धरली. भाऊनं ती वाचली. माझं अक्षर त्याला ओळखू येणार नाही असं थोडंच होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीला टेकून उभी होते.

तेवढ्यात रीळ संपत आलं. पडद्याच्या कोपऱ्यात रीळ बदलायच्या खुणेचा ठिपका आला. भाऊ वळला, त्यानं दुसरी मशीन चालू केली, एकीचं झाकण पाडलं, दुसरीचं उघडलं. खाली बसलेल्या शेकडो माणसांना काही कळलंही नसेल. हे होईपर्यंत अण्णा चिठ्ठी हातात धरून थांबले होते. माझ्याकडे वळून ते म्हणाले, "हे तू लिहिलंस?"

मी मान हलवायच्या आत भाऊ बोलला. "तिनं लिहिलं, पण मी सांगितलं. तिला म्हटलं, असं लिही म्हणजे ते येतील. तिचा काही दोष न्हाई."

मशीनचा खडखडाट चालू होता. मला वाटलं आता बोलावं. आता म्हणावं, अण्णा, हा खोटं बोलतोय, ह्याला काहीच माहीत नव्हतं. आणि त्याच वेळी वाटलं, अण्णा कॉलेजातून माझं नाव काढून घेतील, वसतिगृहातून सामान उचलायला लावतील. मी गप्प बसले.

अण्णा भाऊला म्हणाले, "वर्ग उघडा टाकून आलो मी. तुझ्या मायला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर तिथंच पडली असती." मग चिठ्ठी खिशात घालत, "मला वाटलं होतं दोन वर्षात काही बदलला असशील."

त्यांनी मलमाची नळी डब्यांवर ठेवली आणि जिना उतरले. मी त्यांच्या मागे गेले. भाऊ जागेवरून हलला नाही. त्याला हलताही आलं नसतं, पुढचं रीळ लावायचं होतं.

थिएटरपासून एसटी स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. वीस मिनिटं तरी लागली असतील. ऊन उतरलेलं, रस्त्यानं टांगे, सायकली. अण्णा माझ्या दोन पावलं पुढं. मी मनात वाक्य जुळवत होते. 'अण्णा, थांबा.' एवढं म्हटलं असतं तरी पुढचं आपोआप आलं असतं. स्टँडवर अंबडची गाडी लागलेलीच होती. ते खिडकीपाशी बसले आणि मला जवळ बोलावलं.

"तू ल्हान आहेस," ते म्हणाले. "भावाच्या मायेपायी लिहिलंस, मला समजून राह्यलं. पण त्याच्या नादी लागून खोटं शिकू नको. तुझं शिक्षण पूर्ण कर."

गाडी सुटली. मी हात हलवला.

सिनेमा शुक्रवारी उतरला. मी शनिवारी भाऊकडे गेले तेव्हा नवीन सिनेमाचे डबे आले होते. मी रडायला लागले तर तो चिडला. "रडू नको इथं. झालं ते झालं." मी म्हटलं, "मी अण्णांना सांगते, मी एकटीनं केलं." तो म्हणाला, "आधी डी.एड. पूर्ण कर, मंग सांग. एवढी काय घाई?" मला हे सोपं वाटलं. मी मान्य केलं. त्यातला किती भाग त्याच्या शब्दाचा होता आणि किती माझ्या भित्रेपणाचा, ते मी स्वतःशी पुष्कळ वेळा विचारलं आहे.

वर्षभरात त्याला ऑपरेटरचं लायसन्स मिळालं आणि तो नांदेडला गेला. माझं डी.एड. झालं, शहागडच्या शाळेत नोकरी लागली. तेव्हा सांगायचं होतं. पण पहिल्या दिवशी अण्णा मला शाळेत पोचवायला आले, माझ्या हेडमास्तरांना म्हणाले, "पोरगी खोटं बोलत न्हाई, एवढी ग्वाही देतो." त्यानंतर कोणत्या तोंडानं सांगणार होते? मग लग्न ठरलं, म्हटलं लग्नानंतर. लग्नाला भाऊ आला. मंडपात अण्णांनी त्याला पाण्याचे पिंप कुठं ठेवायचे ते विचारलं, त्यानं सांगितलं. लोकांना वाटलं बापलेक बोलायला लागले. ते तेवढंच बोलले होते.

मी कसली वाट बघत होते ते मला खूप उशिरा उमगलं. त्या सिनेमात साहेबाची मोटार बरोबर वेळेवर येते. तो टोपी काढून बापाला सांगतो, तुमचा मुलगा निर्दोष आहे. मला वाटायचं तशी एक वेळ आपल्याकडेही येईल, आणि ती आल्यावर बोलणं सोपं होईल. आमच्याकडे खरं ठाऊक असलेलं बाहेरचं कोणी नव्हतंच. मीच होते, आणि मी घरी गेले की त्यांच्या ताटात भाकरी वाढत होते.

दशक संपायला आलं तेव्हा अण्णांना काविळीनं धरलं. आधी झाडपाल्याचं औषध झालं, मग अंबडचा दवाखाना, मग घरीच. मी रजा काढून गेले. नांदेडला तार केली. भाऊ दुसऱ्या दिवशी आला. अण्णा बाजेवर होते, डोळे हळदीसारखे. शुद्ध चांगली होती. त्यांनी त्याला बघितलं आणि म्हणाले, "आला का? चहा घेतला का?" पाहुण्याला विचारावं तसं. भाऊ पायथ्याशी बसून त्यांचे पाय चेपू लागला. त्यांनी पाय ओढून घेतले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "असू दे, थकला असशील."

तीन दिवस भाऊ असा बसून होता. खोलीत सारखी माणसं. जुने विद्यार्थी येत होते, शेजारी येत होते. पण दुपारी एखादा तास आम्ही तिघंच असायचो. एकदा अण्णांनी मला जवळ बसवून माझ्या शाळेचं विचारलं. चौथीला किती मुलं, मुली किती, गळती किती. मी सांगत होते. भाऊ माझ्याकडे बघत होता. त्याच्या बघण्यात 'सांग' असं होतं की 'नको सांगू' असं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. मी गळतीचं बोलत राहिले. चौथ्या दिवशी पहाटे अण्णा गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. भाऊला मी वाटेला लावायला निघाले तेव्हा रस्त्यात विचारलं, "त्या दिवशी तू तुझ्यावर का घेतलंस?"

तो म्हणाला, "तुझं शिक्षण बंद झालं असतं. माझं तर आधीच झाल्तं." मग पिशवी दुसऱ्या हातात घेऊन, "मला वाटलं तू नंतर सांगशील."  आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी घरी परतले. माय अंगणात सुपानं ज्वारी पाखडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी कोणी लिहिली, भाऊला काही माहीत नव्हतं, त्यानं आळ कसा घेतला, मी स्टँडपर्यंत कशी गप्प चालत गेले.  तिच्या हातातलं सूप थांबलं होतं.

माझं बोलणं संपल्यावर ती म्हणाली, "ज्याला सांगायचं त्याला सांगितलं न्हाईस. आता मला सांगून काय करू मी?"

आणि सूप उचलून ती आत गेली.